पिंजऱ्यातून आलेली तर्री घरातच शू करते, काय करू?

रानजाई · १४ मे, रात्री १०:५०

नमस्कार. आमच्या घरी २४ एप्रिलपासून तर्री नावाची कुत्री आली आहे. स्पिट्झसारखी दिसते, पण कान पडलेले आणि रंग तांबूस, म्हणून तर्री. वजन साडेपाच किलो. दातांवरून डॉक्टरांनी वय पाच-सहा वर्षं सांगितलं. शहराबाहेर एक जण विकण्यासाठी पिल्लं काढत होता, त्याने धंदा गुंडाळला आणि कुत्री वाऱ्यावर सोडली. त्यातली ही एक. टिनाच्या शेडखाली जाळीचा पिंजरा आणि खाली सिमेंट, एवढंच तिने आजवर पाहिलेलं. आली तेव्हा तिला पायऱ्या उतरता येत नव्हत्या. पंखा फिरला की दबून बसायची.

आता बरीच रुळली आहे. माझ्या मुलीच्या पांघरुणावर झोपते, हातातून खाते. फक्त शू-शी घरातच करते. आम्ही नागपुरात खामल्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. रोज सकाळी पावणेसहाला आणि रात्री नऊला तिला खाली नेते. मागच्या मोकळ्या प्लॉटवर कडुनिंबाखाली थोडं गवत आहे, तिथे चाळीस-चाळीस मिनिटं उभी राहते. ती हुंगते, माझ्या पायाला चिकटून बसते, पण करत नाही. वर येऊन दार उघडलं की सरळ हॉलमध्ये कूलरसमोर जाऊन करते.

परवा देवघराच्या उंबऱ्यापाशी केली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पूजा अर्धी ठेवून पुन्हा आंघोळीला गेल्या. त्यांच्या त्या न बोलण्यानं मला रडू आलं.

मी एकदा जोरात ओरडले तिच्यावर. तेव्हापासून सोफ्यामागे जाऊन करते. नवरा म्हणतो, जिद्दी आहे, मुद्दाम करते. शेजारच्या काकांनी सांगितलं की संध्याकाळनंतर पाणी बंद करा. करू का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा. तिला परत द्यायचं नाहीये.

---

महालचा_वाडा · १४ मे, रात्री ११:०५

पाणी बंद करू नका! मे महिना आहे, पारा ४५ च्या वर जाऊन राहिला आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं आणि त्यात शरीरातलं पाणी जातं. साडेपाच किलोच्या जिवाला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. पाण्याचं भांडं चोवीस तास भरलेलं हवं. बाकीचं जाणकार सांगतील.

---

वऱ्हाडी_बाणा · १४ मे, रात्री ११:३०

ताई, तिले रागावू नका. आमच्या घरी बी अशीच एक पॉमेरियन होती, कोनीतरी फुटाळा तलावाच्या पाळीवर सोडून गेलं होतं. मायच्या खाटेखाली मुतायची. बाबा म्हने हिले घालवा. माय म्हने, पाच वर्साचं लेकरू बी कधीमधी अंथरूण ओलं करते, त्याले घालवता का? चार महिने लागले. मंग ते अशी शिकली का दारापाशी जाऊन बसे अन् आमच्याकडे पाहे. तुमची बी शिकन. धीर धरा.

---

सदर_जुना · १५ मे, सकाळी ७:४०

आमच्याकडे तीन पिढ्या कुत्री होती. केलेल्या जागी नेऊन नाक घासायचं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी आपटायची. आठवड्यात सुधारतात. लाड केले की डोक्यावर बसतात. वाईट वाटून घेऊ नका, अनुभवाने सांगतो.

---

लक्ष्मीनगर_आजी · १५ मे, सकाळी ९:२०

सदर_जुना, तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. ज्या काळी कुत्री अंगणात असायची, दार उघडंच असायचं, त्या काळी ती आपसूक बाहेर जायची आणि श्रेय गुंडाळीला मिळायचं. फ्लॅटमध्ये ते चालत नाही. रानजाईने एकदा ओरडून पाहिलं, त्याचा परिणाम तिनेच लिहिला आहे: तर्री आता सोफ्यामागे करते. "घरात करायचं नाही" हे ती शिकलीच नाही. "या बाईसमोर करायचं नाही" हे शिकली. मग खाली प्लॉटवर हीच बाई दोन हातांवर दोरी धरून उभी असताना ती कशी करेल?

मी गेली सोळा वर्षं सोडवलेली कुत्री घर मिळेपर्यंत सांभाळते. पिंजऱ्यातल्या बऱ्याच आल्या. रानजाई, आधी मला तीन गोष्टी सांग. तिला तुझ्याकडे आल्यापासून गवतावर किंवा मातीवर एकदा तरी शू करताना पाहिलंस का? घरात ती सतरंजीवर, पायपुसण्यावर करते की फक्त फरशीवर? आणि हॉलमध्ये पोछा कशाने मारता?

---

पांढरा_कोट · १५ मे, दुपारी १:१५

शिकवण्याआधी तपासणी करा, ही विनंती. मी पशुवैद्यकाचा विद्यार्थी आहे.

मोठ्या वयाची मादी आहे, पिल्लांसाठी वापरलेली आहे. नसबंदी झाली आहे का? झाली नसेल तर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. माजानंतर काही आठवड्यांत हे होतं. कुत्री खूप पाणी पिते, खूप लघवी करते, मलूल होते, खाणं सोडते. कधी पू बाहेर दिसतो, कधी दिसतच नाही, आणि न दिसणारा प्रकार जास्त घातक. सोनोग्राफीत कळतं. यात थांबायला वेळ नसतो.

दुसरं म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा लघवी, जोर लावणं, लघवीत रक्त. ज्याला संसर्ग आहे त्याला धरवतच नाही, तिथे शिकवणं म्हणजे छळ.

तिसरं, झोपेत नकळत गळते का, तेही पाहा. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये काही वेळा मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो. त्याला औषध आहे.

उद्या दिवसभर भांड्यात मोजून पाणी ओता आणि उरलेलं मोजा. किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे तर्रीसाठी साडेपाचशेच्या वर रोज जात असेल तर डॉक्टरांना आकडा सांगा. उन्हाळ्यात थोडं जास्त जाईल, तरी आकडा हवाच. सकाळची पहिली लघवी चपट्या ताटलीत किंवा लांब दांड्याच्या पळीत धरा आणि लवकर पोहोचवा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यातही दाखवता येईल. १९५८ पासूनचं कॉलेज आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, रिक्षावाला बरोबर सोडतो.

---

रानजाई · १५ मे, रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार. आजी, तुमचे प्रश्न वाचून मी दुपारभर विचार करत बसले. गवतावर किंवा मातीवर करताना मी तिला एकदाही पाहिलेलं नाही. घरात सतरंजीवर कधीच नाही, फक्त उघड्या फरशीवर. जास्त करून कूलरच्या स्टँडजवळ, जिथे टाकीचं पाणी टपकून फरशी ओली राहते, आणि बाथरूमच्या दारात. पोछा पांढऱ्या फिनाईलने मारतो. नसबंदीचं माहीत नाही, पोटावर व्रण सापडत नाही. शनिवारी डॉक्टरांकडे नेते.

---

लक्ष्मीनगर_आजी · १६ मे, सकाळी ८:१०

मला वाटलंच होतं. आता नीट वाच, लांब लिहिते.

कुत्रं पिल्लू असताना ज्या पृष्ठभागावर पायाखाली शू करत वाढतं, तोच त्याला पुढे "संडास" वाटतो. मातीत वाढलेलं माती शोधतं. तुझ्या तर्रीने पाच वर्षं सिमेंटवर केलं, आणि ते सिमेंट पाण्याचा पाइप मारून धुतलेलं, म्हणजे कायम ओलं. तुझ्या घरातली कूलरजवळची ओली फरशी तिला हुबेहूब तशी वाटते. गवत तिच्या लेखी गादी असेल. आपण गादीवर करू का? म्हणून ती खाली चाळीस मिनिटं धरून ठेवते आणि योग्य जागा दिसली की सोडते. तिच्या हिशेबाने ती शहाण्यासारखी वागते आहे. "मुद्दाम करते" हे तुझ्या नवऱ्याला आज वाचून दाखव.

पुष्कळ लोक सांगतील की पिंजरा आण, त्यात ठेव, कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही. पिल्लांना ते लागू पडतं. पण हिला पाच वर्षं झोपायच्या जागीच करावं लागलं आहे, तो संकोच तिच्यात मोडून गेला आहे. वर पिंजरा म्हणजे तिची जुनी भीती. पिंजरा आणू नकोस. त्याऐवजी ती जागी असताना एका खोलीत, तुझ्या नजरेसमोर. हलकी दोरी तिच्या पट्ट्याला आणि दुसरं टोक तुझ्या कमरेला. तू पोळ्या लाटशील तर ती ओट्यापाशी. ती गोल फिरायला लागली, नाक जमिनीला लावून हुंगायला लागली की दोरीतून तुला कळतं, आणि सोफ्यामागे जायची सोय राहत नाही.

आता जागेचं. घर बांधताना उरलेली शहाबादी नाहीतर कोटा फरशी कुणाकडेही पडलेली असते, दीड-दोन फुटांचा तुकडा मिळव. बाल्कनीत ठेव, वर तांब्याभर पाणी ओत. तिने घरात केलेली शू कापडाने टिपून ते कापड त्या फरशीवर घास. झोपून उठल्यावर, जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, खेळून झाल्यावर आणि तुम्ही झोपण्याआधी, तिला न बोलता तिथे ने. तू तोंड दुसरीकडे कर. तिने सुरू केलं की हळू आवाजात एकच शब्द, रोज तोच, "शू कर". संपली रे संपली की दोन-तीन सेकंदांत तोंडात उकडलेल्या चिकनचा तुकडा, नाहीतर पनीर. स्वयंपाकघरात जाऊन आणशील तर तिला कळणारच नाही की बक्षीस कशाचं. कमरेला बटवा बांध.

दहा मिनिटांत केली नाही तर आत आण, मांडीवर किंवा दोरीवर ठेव, पंधरा मिनिटांनी पुन्हा ने. मोकळी सोडायची ती फक्त शू झाल्यावर.

बाल्कनीतल्या फरशीवर आठवडाभर नीट जमलं की तीच फरशी उचलून खाली पार्किंगच्या कोपऱ्यात ठेव. जागा बदलली तरी पायाखालचं तेच. मग त्यावर रोज मूठभर माती टाकत जा. माती वाढव, पाणी कमी कर. एक दिवस फरशी काढून घे.

आणि खाली शू झाल्या झाल्या लगेच वर आणू नकोस. नाहीतर तिला वाटतं, केली की फिरणं संपतं, मग ती लांबवते. शू आधी, फिरणं नंतर.

---

मनीषनगर_पूल · १६ मे, सकाळी ११:००

आजींनी पोछ्याचं विचारलं होतं, ते राहिलं म्हणून लिहितो. फिनाईलने माणसाच्या नाकाला वास जातो, कुत्र्याच्या नाही. कपड्यांच्या ज्या पावडरच्या पुड्यावर एन्झाईम लिहिलेलं असतं ती कोमट पाण्यात कालवून त्या जागेवर पंधरा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. अमोनिया असलेलं काही वापरू नका, त्याचा वास लघवीसारखाच. आमच्याकडे खरी गोम वेगळीच निघाली. कामाच्या बाई ती जागा पुसून त्याच बादलीच्या पाण्याने सगळं घर पुसायच्या. म्हणजे आम्हीच वास खोल्याखोल्यांत पसरवत होतो. त्या जागेसाठी वेगळं फडकं ठेवलं आणि पंधरा दिवसांत फरक पडला. तुमच्या कूलरखाली परातही ठेवा, फरशी कोरडी राहू द्या.

---

महालचा_वाडा · १६ मे, दुपारी १२:३०

एक भर. दुपारी तिला डांबरी रस्त्यावर नेऊ नका. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सहन झालं नाही तर तिचे पंजे पोळतील. सध्या रात्री आठलाही रस्ता गरम असतो.

---

रानजाई · २२ मे, रात्री १०:१५

पांढरा_कोट, तुम्ही लिहिलं नसतं तर मी कधीच तपासलं नसतं. पाणी दिवसाला साधारण पाचशे जातं. सोनोग्राफीत गर्भाशय ठीक निघालं, पण लघवीत संसर्ग आहे. गोळ्या सुरू झाल्या, पूर्ण कोर्स करायला सांगितलं आहे. नसबंदी पावसाळ्याआधी करायची ठरली. आठवडाभर मी तिला जिद्दी म्हणवून घेत होते आणि तिला आतून जळत होतं. नवऱ्याला आजींचं वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी त्याच्या मित्राकडून शहाबादीचा तुकडा घेऊन आला.

चार दिवसांत बाल्कनीत सहा वेळा झाली! घरात अजून होतेच, रोज तीन-चारदा.

---

पांढरा_कोट · २२ मे, रात्री ११:००

बरं वाटलं वाचून. लक्षणं थांबली तरी गोळ्या मध्येच थांबवू नका. संपल्यावर लघवी पुन्हा तपासून घ्या.

---

लक्ष्मीनगर_आजी · २३ मे, सकाळी ७:५०

वहीत लिही. किती वाजता प्यायली, जेवली, कुठे केली. आठवड्याने वही उघडलीस की तिची वेळ तुलाच दिसेल.

---

रानजाई · ३ जून, रात्री ९:३०

आजी, वहीने डोळे उघडले. घरात होणाऱ्या दहापैकी सात वेळा दुपारी साडेतीन ते पाच या वेळात होत्या. त्या वेळी मी कामाच्या कॉलवर असते आणि ती हॉलमध्ये मोकळी असते. मी समजत होते की ती दिवसभर करते. आता साडेतीनला मुलगी तिला बाल्कनीत नेते. गोळ्या संपल्या, दुसरी तपासणी स्वच्छ आली. गेल्या आठवड्यात घरात फक्त चार वेळा, आणि चारही वेळा दोरी सोडलेली होती.

आज फरशी खाली नेली. सोसायटीत एकाने हरकत घेतली की पार्किंगमध्ये कुत्रं नको. मी बादलीभर पाणी ओतून जागा लगेच धुते, तेवढं सांगितलं. तरी म्हणाले, पुढच्या मीटिंगमध्ये ठराव करू, लिफ्टमधूनही न्यायचं नाही.

---

सदर_जुना · ४ जून, सकाळी ८:००

ताई, या बाबतीत मी तुमच्या बाजूने. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची प्रत काढून मीटिंगला न्या. त्यातच मालकाने स्वच्छता राखावी हेही आहे, आणि तुम्ही ती राखताच आहात. आणि नाक घासण्याचं मी जे लिहिलं होतं ते मागे घेतो. आजींचं उत्तर घरात सगळ्यांनी वाचलं.

---

रानजाई · २१ जून, रात्री ११:२०

पाऊस सुरू झाला आणि सगळं विस्कटलं. जमीन ओली झाली की पाऊल टाकत नाही, थेंब पडला की पळत जिन्यात. चार दिवसांत घरात नऊ वेळा. त्यात मंगळवारी नसबंदीचे टाके निघाले, ती चिडचिडी आहे. आज पुन्हा देवघरापाशी. मी खूप थकले आहे हो.

---

वऱ्हाडी_बाणा · २१ जून, रात्री ११:४५

ताई, आमची बी पावसात मागं गेली होती. वही फाडू नका. जुन्या जागेवर या, मंग पुन्हा समोर जा.

---

लक्ष्मीनगर_आजी · २२ जून, सकाळी ६:५०

बरोबर सांगताहेत ते. दोन पायऱ्या खाली ये. फरशी पुन्हा बाल्कनीत आण, दोरी पुन्हा कमरेला. ऑपरेशन, पाऊस, गडगडाट, इतकं एकदम आलं की माणसाचंही सुटतं. सरी थांबल्या की पार्किंगच्या छपराखाली, जिथे पाऊस लागत नाही तिथे ने. चार दिवस खाली काही करायची अपेक्षाच ठेवू नकोस, नुसतं उभं राहून चिकन खायला दे. पावसात बाहेर चांगलं काहीतरी मिळतं एवढं तिला कळू दे. आणि तू आज दुपारी एक तास झोप. वही मुलगी लिहील.

---

रानजाई · २७ जुलै, सकाळी ७:०५

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं दर आठवड्याला थोडंथोडंच होतं. १ जुलैनंतर घरात पाच वेळा. १३ जुलैनंतर एकदाही नाही. फरशीवरची माती वाढवत गेले आणि गेल्या सोमवारी फरशी काढून घेतली. ती त्याच कोपऱ्यात, साध्या मातीवर बसली.

काल रात्रीचं सांगते. अडीचच्या सुमारास मोठा पाऊस. मला जाग आली ती तर्री नखं वाजवत दाराकडे गेली तेव्हा. मी उठून चष्मा शोधतेय तोवर हॉलचा दिवा लागला. सासूबाई दार उघडून उभ्या होत्या, हातात बाबांची मोठी काळी छत्री. म्हणाल्या, "तू झोप, मी नेते, मला दारापाशी बसलेली दिसली." नऊवारीचा काष्टा खोचून त्या तिला पार्किंगमध्ये घेऊन गेल्या. वर येताना मी जिन्यातून ऐकलं, त्या तिला म्हणत होत्या, "शू केली का गं बाई माझी? शहाणी."

---

मनीषनगर_पूल · २७ जुलै, सकाळी ७:४०

वाचून डोळे भरून आले. आईंना आमचा नमस्कार सांगा.

---

गोरेवाड्याची_वाट · २७ जुलै, दुपारी ४:१०

धागा आज पहिल्यांदा पूर्ण वाचला. त्याच पिल्लंवाल्याकडची एक पांढरी आमच्याकडे आली आहे, चार किलोची. तिचंही तसंच, बाथरूमच्या दारात. रानजाई, तुमची फरशी आता लागत नसेल तर मिळेल का? तशीच, न धुता दिली तर तर्रीच्या वासाने आमची लवकर शिकेल का?

---

पांढरा_कोट · २७ जुलै, संध्याकाळी ६:३०

न धुता नेऊ नका. लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंमुळे होणारा आजार लघवीतून पसरतो, पावसाळ्यात जास्त, आणि माणसालाही होतो. घासून धुवा, कडक उन्हात पूर्ण वाळवा. तुमच्याच कुत्रीच्या शूचं कापड त्यावर घासा. तिला वर्षाच्या लसीत लेप्टोची लस दिली आहे का, तेही डॉक्टरांना विचारा.

---

रानजाई · २७ जुलै, रात्री ९:५०

या रविवारी घेऊन जा. उन्हात ठेवायचं म्हणते, पण ऊनच नाही, म्हणून घासून धुऊन बाल्कनीत पंख्याखाली उभी करून ठेवली आहे. येताना तुमची वही आणा, मी माझी दाखवते. आणि आधी लघवी तपासून घ्या.